स्फोट कुणी केले, हे विचारणार कोण?

२०२५ च्या जुलै महिन्यात दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधील साखळी स्फोटांच्या खटल्यातील सगळ्या बारा आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना विशेष न्यायालयाने फाशी सुनावली होती. ३१ तारखेला राष्ट्रीय तपास संस्थेच्या (एनआयए) विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह सातही आरोपींना सोडून दिले. त्यानंतर जी चर्चा झडली ती ऐकून मन विषण्ण झाले. पहिल्या निकालाच्या दिवशी ‘न्यायालयांनी देशाच्या सुरक्षेवर पाणी सोडले’ म्हणून संतापलेले अनेक जण दहा दिवसांनी ‘सत्याचा विजय’ साजरा करत होते. पहिल्या निकालाला ‘उशिरा का होईना, न्याय मिळाला’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना दुसऱ्या निकालात सरकारी दबाव दिसला. निकालपत्र उघडून पाहण्याची गरज दोन्हीकडच्या फार थोड्यांना वाटली. आरोपींची नावे कळली एवढे त्यांना पुरेसे होते. या गदारोळात एक साधा प्रश्न कुणाच्या तोंडी आला नाही. पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत ते बॉम्ब ठेवले कुणी? मालेगावच्या भिक्खू चौकात ती मोटारसायकल उभी केली कुणी?

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. दहशतवादाच्या खटल्यात आरोपी पुराव्याअभावी सुटतात तेव्हा हरतो तो तपास, आणि तपास हरणे म्हणजे देशाच्या सुरक्षेला भगदाड पडणे. ‘सुरक्षा हवी की आरोपींचे हक्क हवेत’ अशी जी निवड आपल्यापुढे वर्षानुवर्षे ठेवली जाते, ती मुळातच खोटी आहे. चुकीचा माणूस तुरुंगात गेला की खरा माणूस मोकळा राहतो, आणि त्याला कुणी शोधतही नाही, कारण कागदोपत्री गुन्हा उघडकीस आलेला असतो. रेल्वे स्फोटांच्या निकालपत्रात उच्च न्यायालयाने हीच गोष्ट पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवली आहे: गुन्हा सुटल्याचा आभास निर्माण केला की लोकांना खोटा दिलासा मिळतो, खरा धोका मात्र मोकाट राहतो. हे वाक्य कुण्या मानवाधिकार कार्यकर्त्याने सभेत म्हटलेले नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने एकशे ऐंशीहून अधिक माणसांच्या मृत्यूची हजारो पाने वाचून काढलेला तो निष्कर्ष आहे.

त्या पानांत काय होते, हे थोडे थांबून पाहायला हवे. आरोपींचे कबुलीजबाब पोलीस उपायुक्तांसमोर नोंदवलेले होते आणि मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी राज्य कायद्यानुसार ते पुरावा म्हणून चालतात. पण वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या आरोपींचे म्हणून घेतलेल्या या जबाबांत मजकूरच्या मजकूर सारखा निघाला, आणि ते मारहाण करून घेतले गेल्याच्या तक्रारीत न्यायालयाला तथ्य दिसले. ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. आरोपींना गाडीतून सोडल्याचे सांगणारे टॅक्सीवाले शंभराहून अधिक दिवसांनी पोलिसांपुढे आले. आणि सगळ्यांत धक्कादायक गोष्ट म्हणजे, स्फोटांत नेमक्या कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले हेच सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, माटुंग्यापासून भाईंदरपर्यंत रुळांवर माणसे मरून पडली, आणि एकोणीस वर्षांनंतर राज्याला बॉम्ब कसला होता हे सांगता येत नाही!

आता मालेगावचे निकालपत्र घ्या. मोटारसायकलच्या सांगाड्यावरचा क्रमांक पुरता मिळवता आला नाही, त्यामुळे ती गाडी कुणाची हे शाबीत झाले नाही. घटनास्थळाचा नकाशा नीट काढलेला नव्हता. बोटांचे ठसे नव्हते. जखमींच्या काही वैद्यकीय दाखल्यांत फेरफार आढळले. फोनवरील संभाषण टिपण्याला आणि यूएपीए हा बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा लावण्याला जी मंजुरी लागते, ती सदोष ठरली. तीसपेक्षा जास्त साक्षीदार फितूर झाले. त्याआधी काही साक्षीदारांचे दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेले मूळ जबाबच गहाळ झाले होते आणि झेरॉक्स प्रतींवर काम रेटावे लागत होते. नुसत्या संशयावर किंवा नैतिक धारणेवर कुणाला शिक्षा देता येत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले तर आरोपींचे धर्म वेगळे, राजकीय पाठीराखे वेगळे, पण तपासातली भोके तीच. दोन्ही प्रकरणांत सुरुवातीचा तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचा (एटीएस) होता. निकालांवर भांडणाऱ्या दोन्ही गटांनी खरे तर एकाच बाजूला उभे राहून एकाच यंत्रणेला जाब विचारायला हवा होता. सरकारने काय केले? पहिल्या निकालाविरुद्ध राज्य सरकारने लगोलग सर्वोच्च न्यायालय गाठले. न्यायालयाने २४ जुलैला तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. दुसऱ्या निकालाविरुद्ध मृतांच्या कुटुंबीयांनाच उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मालेगावच्या मृतांसाठी राज्याला तेवढीच घाई का झाली नाही?

हे दोन अपवाद असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मालेगावातच ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, कब्रस्तान आणि मशिदीच्या आवारात स्फोट होऊन तीसहून जास्त माणसे मेली. एटीएसने नऊ मुस्लिम पुरुषांना पकडले. पुढे एनआयएच्या तपासात धागा भलत्याच गटाकडे गेला, आणि त्या आधीच्या आरोपींना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. गुजरातेत अक्षरधाम मंदिरावर २००२ मध्ये हल्ला झाला; त्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली होती. १६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. त्या दिवशी लोकसभेचे निकाल लागत होते, त्यामुळे ती बातमी वाचायलाही कुणाला सवड झाली नाही. रेल्वे स्फोटांबद्दल तर आणखी एक गोष्ट आहे. २००८ मध्ये मुंबईच्या गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनचे म्हणून जे लोक पकडले, त्यांतल्या एकाने हे स्फोट आपल्या गटाने केल्याचे सांगितल्याचे पुढे आले. नंतर न्यायालयात त्याने ते नाकारले. म्हणजे एकाच राज्याच्या पोलिसांच्या दोन शाखांकडे एकाच हत्याकांडाचे दोन निरनिराळे कर्ते होते. ज्या देशात असे घडू शकते तिथे नागरिकाने सुरक्षित वाटून घ्यायचे ते कशाच्या भरवशावर?

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की, निर्दोष सुटणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. खरे आहे. साक्षीदार घाबरतात, काही विकत घेतले जातात, वर्षे उलटली की आठवणी पुसट होतात. ज्यांनी कट शिजवला ते सीमेपलीकडे बसलेले असतात. स्फोटात पुरावाच जळून जातो. दहशतवादी गुन्ह्याचा तपास हा चोरीच्या तपासासारखा नसतो आणि एटीएसच्या अधिकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन काम केले आहे. २००८ च्या मालेगाव स्फोटाचा तपास ज्यांच्या नेतृत्वाखाली चालू होता ते हेमंत करकरे त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री गोळ्या झेलून गेले. त्यांच्या बलिदानाला मी नमन करतो. पण या अडचणी मान्य केल्या की त्यांतून निष्कर्ष कोणता निघतो? साक्षीदार घाबरतो म्हणून त्याला संरक्षण द्यायला हवे. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायद्याचे बळ दिले. ती खटल्या-खटल्यात खरोखर राबवा, असा आग्रह धरणारा मोर्चा मी तरी कधी पाहिला नाही. आठवणी पुसट होतात म्हणून खटला एकोणीस वर्षे चालता कामा नये. पुरावा जळतो म्हणून जो उरतो तो पहिल्या तासात, मोहोरबंद करून, नोंदीसह कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. यांतली एकही गोष्ट आरोपीच्या हक्कांमुळे अडलेली नाही. अडली आहे ती मनुष्यबळामुळे, पैशामुळे, आणि त्याहून अधिक, स्फोटानंतर काही आठवड्यांत ‘गुन्हा उकलला’ असे जाहीर करण्याच्या राजकीय घाईमुळे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. साध्या कायद्याने दहशतवादी शिक्षा पावत नाहीत, म्हणून कडक कायदा हवा. पोलिसांपुढची कबुली ग्राह्य हवी, जामीन अवघड हवा, कोठडी लांब हवी. या मागणीमागची तळमळ मी खोटी मानत नाही. पण आपण हा प्रयोग चाळीस वर्षे करत आलो आहोत आणि त्याचे फळ डोळ्यांपुढे आहे. टाडा हा दहशतवादविरोधी केंद्रीय कायदा १९८५ मध्ये आला. दहा वर्षांत सत्तर हजारांहून अधिक माणसे त्याखाली धरली गेली आणि शिक्षेचे प्रमाण इतके नगण्य निघाले की १९९५ मध्ये तो कायदा मुदत संपल्यावर सोडून द्यावा लागला. त्याच धर्तीचा पोटा २००२ ला आला, २००४ ला गेला. मोक्का १९९९ पासून आहे. यूएपीए १९६७ चा. तो २००४, २००८, २०१२ आणि २०१९ मध्ये अधिकाधिक कठोर होत गेला. आणि ज्या जुलैत हे दोन निकाल लागले त्याच जुलैत महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कायद्याची कमतरता असती तर मोक्का हाती असताना रेल्वे स्फोटांचा खटला कोसळला नसता.

१२ मार्च १९९३ ला मुंबईत लागोपाठ स्फोट होऊन २५७ माणसे मेली, तेव्हा टाडा पूर्ण जोरात लागू होता. त्या कायद्याने आरडीएक्स अडवले का? ते रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरले. त्याआधी दिघीला शस्त्रे उतरली होती. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी आणि वाटेवरच्या पोलिसांनी पैसे घेऊन माल पुढे जाऊ दिला आणि पुढे त्यांतल्या काहींना टाडा न्यायालयानेच शिक्षा ठोठावली. देशाची सुरक्षा त्या रात्री लाचेच्या रकमेला विकली गेली. कडक कायद्याचे कलम त्या किनाऱ्यावर पहारा द्यायला नव्हते. तिथे प्रामाणिक शिपाई हवा होता. आणि तोच खटला बऱ्याच अंशी उभा राहिला तो कशामुळे? वरळीत सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनमध्ये शस्त्रे मिळाली, दादरला न फुटलेली स्कूटर मिळाली, आणि गाडीच्या नोंदणीवरून माग काढत पोलीस थेट मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोचले. त्या खटल्यातही पोलिसांपुढचे कबुलीजबाब होते आणि त्यांच्यावर आक्षेपही आहेत; पण पाया घातला तो गाडीच्या कागदपत्रांनी. १२३ पैकी १०० आरोपी दोषी ठरले.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालवायची की नाही, हा वाद काही आजचा नाही. १८७२ चा पुरावा कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनला हिंदुस्थानातल्या एका मुलकी अधिकाऱ्याने सांगितले होते की, उन्हातान्हात पुरावे शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची पूड चोळणे केव्हाही सोपे असते. तो कायदा करणारे इंग्रज आपल्या प्रेमापोटी पोलिसी कबुलीला मज्जाव करत नव्हते. राज्य टिकवायचे तर खरा गुन्हेगार सापडला पाहिजे, आणि कबुलीची सोय दिली की पोलीस ऊन टाळतात, हे त्यांना कळत होते. टाडाने आणि मोक्काने ती सोय परत दिली. तिची किंमत रेल्वेत मेलेल्या माणसांच्या घरच्यांनी मोजली आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो म्हणजे खलिस्तानी दहशतवादाच्या काळातला पंजाब. ‘हक्कांची भाषा बाजूला ठेवली तेव्हाच पंजाब शांत झाला, पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांच्या पोलिसांनी न्यायालयाची वाट पाहिली असती तर ते राज्य हातचे गेले असते,’ असे सांगितले जाते. यात तथ्याचा अंश आहे. १९९० च्या आसपास तिथे न्यायाधीश आणि साक्षीदार जीव मुठीत धरून होते, पोलिसांच्या घरच्यांना वेचून मारले जात होते आणि राज्याला बंदूक उचलावीच लागली. जो हातात रायफल घेऊन समोर उभा आहे त्याच्याशी लढतच बोलावे लागते. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पंजाबची गोष्ट पूर्ण सांगा. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात ऑपरेशन ब्लू स्टार झाले. ताकद वापरली गेली, ती प्रचंड वापरली गेली, आणि त्यातून शीख मनावर उमटलेल्या जखमेने दहशतीला पुढची कित्येक वर्षे माणसे पुरवली. त्याच वर्षी इंदिरा गांधींची हत्या झाली. ती कारवाई झाली तेव्हा लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते. १० ऑगस्ट १९८६ ला त्यांना पुण्याच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या. मे १९८८ मध्ये त्याच मंदिरात पुन्हा अतिरेकी घुसले. या वेळी गिल आणि एनएसजीच्या कमांडोंनी वेढा घातला, पाणी तोडले, नेमबाज बसवले, पत्रकारांना बघू दिले आणि वाट पाहिली. अतिरेकी हात वर करून बाहेर आले. पवित्र जागेची त्यांनी काय दशा केली होती ते पंजाबने डोळ्यांनी पाहिले आणि त्यांचा मान तिथेच संपला. एकच मंदिर, चार वर्षांचे अंतर. कोणत्या कारवाईने देश अधिक सुरक्षित झाला?

आणि नंतरच्या काळात जे बेकायदा घडले त्याने काय मिळवले? अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानभूमींत पोलिसांनी परस्पर केलेले २,०९७ अंत्यसंस्कार सीबीआयने मोजले. हा विषय उजेडात आणणारे जसवंतसिंग खालरा यांनाच १९९५ मध्ये पोलिसांनी उचलले आणि ठार मारले. पुढे त्यासाठी पोलीस शिक्षेला पात्र ठरले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला चंडीगडमध्ये मुख्यमंत्री बेअंतसिंग यांना मानवी बॉम्बने मारले. तो मारेकरी पंजाब पोलिसांतच नोकरीला होता. गणवेशाआतच सूडाची आग पेटत राहावी, इतके ते ‘यश’ महाग पडले. याउलट जनरल वैद्यांच्या मारेकऱ्यांवर पुण्यात खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९२ मध्ये येरवड्यात त्यांना फाशी झाली. त्या खटल्याने देशाची सुरक्षा कुठे उणी झाली?

असाच धडा ब्रिटनने स्वतःच्या घरात घेतला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडमध्ये खटल्याविना स्थानबद्धता सुरू झाली. पुढचे १९७२ हे त्या संघर्षातले सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरले. २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटून २१ माणसे मेली. संतप्त देशाला गुन्हेगार हवे होते. पोलिसांनी सहा आयरिश माणसे पकडली, कबुल्या घेतल्या, प्रयोगशाळेच्या एका चाचणीचा आधार दाखवला आणि जन्मठेपा झाल्या. सोळा वर्षांनी, १९९१ मध्ये, कबुल्याही खोट्या ठरल्या आणि चाचणीही. ते सहा सुटले. खऱ्या मारेकऱ्यांपैकी एकालाही आजवर शिक्षा झालेली नाही. मृतांच्या नातेवाइकांनी ‘मग केले कुणी?’ हा प्रश्न विचारायला सुरुवात केली तेव्हा उत्तर देणारा पुरावा उरला नव्हता. आपल्या रेल्वे स्फोटांच्या प्रकरणाशी हे किती तंतोतंत जुळते! फरक इतकाच की ब्रिटनने चौकशीचे ध्वनिमुद्रण सक्तीचे केले आणि चुकीच्या शिक्षा तपासणारा स्वतंत्र आयोग नेमला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि एनआयएसारख्या यंत्रणांच्या कार्यालयांत सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. तो अजूनही सगळीकडे धड पाळला गेलेला नाही.

‘हे सगळे देशांतर्गत गुन्ह्यांपुरते ठीक, लष्कर-ए-तय्यबाला आणि जैश-ए-महंमदला न्यायालय काय करणार?’ हा शेवटचा मोठा आक्षेप, आणि पहलगामनंतर तो अधिक तीव्र झाला आहे. २२ एप्रिल २०२५ ला बैसरन पठारावर २६ जणांना मारले गेले. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलची मिळून सहा माणसे आपल्या महाराष्ट्रातली होती. सीमेपलीकडचे तळ न्यायालयाच्या समन्सने बंद होत नाहीत, हे मी निःशंकपणे मान्य करतो. तिथे लष्कर लागते, राजनय लागतो. पण त्याच प्रकरणात पुढे काय झाले ते पाहा. २८ जुलैला श्रीनगरजवळ ऑपरेशन महादेवमध्ये तीन दहशतवादी मारले गेले. हेच ते, असे देशाने कशावरून मानले? बैसरनला सापडलेली काडतुसांची पुंगळी आणि त्या तिघांच्या रायफली चंडीगडच्या प्रयोगशाळेत जुळवून पाहिल्या गेल्या आणि गृहमंत्र्यांनी लोकसभेत त्या अहवालाचा हवाला दिला. लष्करी कारवाईचा शेवटचा शब्दसुद्धा प्रयोगशाळेला बोलावा लागला.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तर आपण विसरूच शकत नाही. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली, पोटात गोळ्या घेतल्या आणि प्राण सोडला. त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला तिथेच ठार केले असते तर कुणी त्यांना दोष दिला असता? १६६ माणसे मारणाऱ्यांपैकी तो एक होता. पण तो जिवंत राहिला, आणि एका जिवंत, बोलत्या आरोपीने जे घडवले ते कुठल्याही बॉम्बफेकीने घडले नसते. कराचीहून निघालेली वाट, ‘कुबेर’ बोट, जीपीएस, दूरध्वनीवरून सूचना देणारे हस्तक, पाकिस्तानातले त्याचे गाव हे सगळे पुराव्यानिशी जगापुढे आले. फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग पाकिस्तानच्या भूमीवर शिजल्याचे तिथल्या गृहमंत्रालयाच्या प्रमुखांना जाहीरपणे मान्य करावे लागले. खटला उघड चालला, त्याला वकील दिला गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. अवघ्या चार वर्षांत. ‘कसाबला बिर्याणी घालून पोसले’ म्हणणाऱ्यांना हे कळलेच नाही की तो खटला हे भारताने पाकिस्तानविरुद्ध वापरलेले सर्वांत प्रभावी शस्त्र होते.

त्याच खटल्यात न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी दोन भारतीय सहआरोपींना सोडून दिले, हे फार कमी लोकांच्या लक्षात आहे. त्यांनी काढून दिलेला म्हणून जो नकाशा पोलिसांनी मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशातून निघाल्याचे सांगितले, त्याला ना रक्ताचा डाग होता ना चुरगळल्याची खूण. वरच्या दोन्ही न्यायालयांनी ती सुटका कायम केली. या सुटकेने कसाबची शिक्षा कमकुवत झाली का? उलट ती जगाच्या दृष्टीने अधिक विश्वासार्ह झाली. त्याच हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या ताब्यात दिले, त्याआधी तिथल्या न्यायालयांनी आपला पुरावा तपासला. उद्या एखाद्या परदेशी न्यायाधीशापुढे आपण दुसऱ्या कुणाची मागणी करू आणि समोरचा वकील रेल्वे स्फोटांचे निकालपत्र पुढे ठेवून म्हणेल, ‘हा देश मारून कबुल्या घेतो,’ तेव्हा आपल्याकडे काय उत्तर असेल?

तपास चांगला झाला तर काय होते, याचे ताजे उदाहरण आपल्याच देशात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये श्रीनगरच्या नौगाम भागात जैशची धमकीची पोस्टर लागली. अशा कागदांकडे सहज दुर्लक्ष झाले असते. तिथल्या पोलिसांनी सीसीटीव्ही तपासला, पोस्टर लावणाऱ्यांपर्यंत ते पोचले, तिथून एका मौलवीपर्यंत, तिथून डॉक्टरांच्या गटापर्यंत आणि अखेर फरिदाबादला साठवलेल्या सुमारे २,९०० किलो स्फोटक साहित्यापर्यंत. त्या गटातल्या एकाने १० नोव्हेंबरला लाल किल्ल्याजवळ स्फोट घडवला, तो रोखता आला नाही. पण तो साठा बाहेर राहिला असता तर किती ठिकाणी काय घडले असते, याची कल्पनाही नको वाटते. आणि मग १४ नोव्हेंबरला काय झाले? जप्त केलेले ते साहित्य नौगाम पोलीस ठाण्यात ठेवलेले असताना, नमुने घेण्याचे काम चालू असताना फुटले. नऊ जण गेले. त्यांत पोलीस होते, न्यायवैद्यक तज्ज्ञ होते. देशाला वाचवणारी माणसे मुद्देमाल ठेवायला सुरक्षित जागा नसल्याने मेली, असेच मी म्हणेन. त्यांच्यासाठी किती वाहिन्यांनी रात्रीची चर्चा लावली?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. उत्तम तरतूद आहे. ती पेलायला जिल्ह्या-जिल्ह्यांत तज्ज्ञ, वाहने आणि प्रयोगशाळा लागतील. विधिमंडळात जनसुरक्षेवर तासन्‌तास भाषणे झाली. तेवढाच वेळ कलिना, पुणे, नागपूर, नाशिकच्या प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागांवर, तपास आणि बंदोबस्त यांची पथके वेगळी करण्यावर, सरकारी वकिलाला पहिल्या दिवसापासून तपासाशी जोडण्यावर खर्च होईल का? चुकीचा तपास करणाऱ्याला बढती आणि बक्षीस मिळत राहते तोवर दुसरा अधिकारी ऊन का सोसेल?

रेल्वे स्फोटांवरचे अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काय लागायचा तो लागो. मालेगावच्या मृतांच्या नातेवाइकांचे अपीलही चालेल. पण सरकारने न्यायालयाच्या आड न लपता आजच काही गोष्टी लोकांपुढे ठेवाव्यात. इंडियन मुजाहिदीनच्या त्या जबाबाचा माग कुणी, कुठवर काढला? सात डब्यांतून गोळा केलेले नमुने आज कोणत्या कपाटात आहेत आणि आजच्या तंत्राने ते पुन्हा तपासता येतील का? भिक्खू चौकातल्या मोटारसायकलचा सांगाडा कुणाच्या ताब्यात आहे? मालेगावचे मूळ जबाब कुणाच्या हातून गेले, त्याची चौकशी झाली का? आणि या दोन्ही प्रकरणांचा फेरतपास ज्यांचा आधीच्या तपासाशी संबंध नव्हता अशा अधिकाऱ्यांकडे सोपवायला सरकार तयार आहे का? माझी ही मागणी सत्तेतल्यांकडे जितकी आहे तितकीच विरोधकांकडेही आहे, कारण ही प्रकरणे घडली तेव्हापासून दोघेही सत्तेवर येऊन गेले आहेत आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून फेरतपास हा शब्द मी अजून ऐकलेला नाही.